कुंकवाची जागा

आमच्या घरात पाहुण्यांसमोर ‘धड’ हा शब्द उच्चारायला आईनं बंदी घातली होती. त्याला कारणही तसंच झालं. मराठी मंडळातल्या एक बाई चैत्रातल्या हळदीकुंकवाला आल्या होत्या, कैरीची डाळ अजून वाटीतच होती, आणि बाबांनी दारात सायकल लावता लावता आत हाक दिली, ‘‘अगं, आजपासून धड उघडून ठेवलंय, उद्या त्याला खिडकी पाडतो!’’ त्या बाईंनी वाटी खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. बाबा बोलत होते ते विमानाबद्दल. खरं सांगायचं तर विमानही नाही, ग्लायडर. इंजिन नसलेलं, लांब तारेनं ओढून वर चढवायचं आणि मग वाऱ्याच्या भरवशावर सोडून द्यायचं. त्याचे पंख आणि शेपूट वगळली की जे उरतं, ज्यात माणसं बसतात, ते धड. कार्यशाळेतले बाकी सगळे त्याला बॉडी म्हणत. बाबा मिस्त्रींशी हिंदी बोलत, साहेबांशी इंग्रजी बोलत, पण ज्या गोष्टीवर त्यांचा जीव होता तिला त्यांनी मराठी नाव दिलं होतं.

दिल्लीत मुनिरक्याच्या पलीकडे तेव्हा शेतं होती आणि बाभळी होत्या. तिथे युद्धाच्या काळात केलेली आणि नंतर कुणालाच नकोशी झालेली एक धावपट्टी होती, आणि तिच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड. आता त्या बाजूला गेले तर भाड्याच्या खोल्या, मोबाइलची दुकानं आणि मोमोच्या गाड्या यांतून मला ती शेड कुठे होती हेसुद्धा सांगता येत नाही. बाबा तिथे लाकूडकामाचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे ते आणि रामदीन मिस्त्री, असे दोघंच. आमचं सरकारी क्वार्टर तिथून सायकलच्या अंतरावर होतं, आणि शाळा सुटली की बाबांचा दुपारचा डबा परत आणायच्या निमित्तानं मी रोज तिथे जायची. डबा काय, तो बाबांनाही संध्याकाळी आणता आला असता. पण मला ते धड बघायचं असायचं, आणि आईला ते ठाऊक होतं.

आधी जमिनीवर एक लांब लाकडी साचा. त्यावर अंतराअंतरानं उभ्या केलेल्या लाकडी कड्या, पुढे माणूस बसेल एवढ्या मोठ्या, मग शेपटीकडे लहान लहान होत गेलेल्या. नाकापासून शेपटीपर्यंत त्या कड्यांना बांधून ठेवणाऱ्या चार लांब पट्ट्या, आणि मग या सांगाड्यावर पातळ प्लायवूडचं कातडं. कातडं चढवायच्या आधीचे दिवस मला सगळ्यांत आवडायचे, कारण तेव्हा आरपार दिसायचं. पुढच्या माणसाची बैठक, तिच्यामागे दुसरी, मागच्या माणसासाठी बाजूनं एक बुटकं दार, त्या दारात एक सरकती खिडकी. बाबा मला प्रत्येक कडीवर बोट ठेवून सांगत, ही ओढ सोसते, ही दाब सोसते, ही नुसती आकार राखते. ‘‘ही शेवटची आपल्या शेजारच्या वर्मांसारखी,’’ ते म्हणायचे, ‘‘काम काही नाही, पण नसली तर कॉलनीला शोभा नाही.’’

या सगळ्याला जोडायचा तो डिंक दुधापासून केलेला असे. दुधातला चोथा वाळवून केलेली पिवळट पूड यायची, ती पाण्यात घोटायची आणि घट्ट होण्याआधी संपवायची. बाबांच्या कपड्यांना त्याचा आंबूस वास कायमचा चिकटला होता. आई दसऱ्याच्या आधी श्रीखंडासाठी चक्का टांगायची, तेव्हा स्वयंपाकघरातून आणि खुंटीवरच्या सदऱ्यातून एकाच जातीचा वास यायचा. ‘‘तुझं श्रीखंड आणि माझा डिंक एकाच म्हशीचे,’’ बाबा चिडवायचे. आई म्हणायची, ‘‘मग तुमचाच लावा की पुरीला. घास घशात चिकटून बसेल, तेवढंच बोलणं थांबेल.’’

त्या धडात आईचा हातही होता, हे मी आता सांगून ठेवते, कारण ते सांगायला आता मीच उरले आहे. दारातल्या खिडकीसाठी बाबांनी कागदावर चौकोन काढला होता आणि रात्रीच्या जेवणाआधी तो त्यांच्या हातात होता. आई शिवणाच्या मशीनवर होती. ती मान न वळवता म्हणाली, ‘‘चौकोनी गळ्याचा कोपराच पहिला उसवतो. गोल करा.’’ बाबा हसले. कोपरे गोल करायचे हे त्यांना ठाऊकच होतं, चौकोन नुसता मापासाठी होता, पण ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी तिच्याच समोर कात्रीनं कोपरे गोल केले. आजही विमानात बसले की मी खिडकीच्या कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवते. पुढच्या बैठकीवरचं पारदर्शक झाकण करताना पहिला तापवलेला प्लास्टिकचा पत्रा फुगवता फुगवता एका बाजूनं बसला, तेव्हा तो वाया गेलेला फुगाही घरीच आला, आणि वर्षानुवर्षं आमच्या पोळ्यांवर माश्यांसाठी तोच झाकण म्हणून होता.

पण बाबांनी सगळ्यांत जास्त वेळ मला दाखवलं ते धडाचे कान. नाकाजवळ दोन्ही बाजूंना, साधारण हात ठेवावा अशा उंचीवर, एकेक बारीक छिद्र होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. त्यातून आत रबराची नळी जायची, मागच्या बैठकीच्या पाठीमागून फिरून पुढच्या घड्याळांपर्यंत पोचायची. बाहेरची हवा किती जड आहे ते त्या छिद्रातून घड्याळांना कळतं, आणि त्यावरून उंचीचा आणि वेगाचा काटा हलतो. ‘‘हे कान बुजले,’’ बाबा म्हणाले, ‘‘की बिचाऱ्या काट्यांना वाटतं आपण अजून जमिनीवरच आहोत.’’ त्यांनी छिद्रावर एक नळी बसवून तिचं टोक माझ्या तोंडात दिलं. हळूच श्वास ओढला की आत उंचीचा काटा सरसर चढायचा. ‘‘आता तू कुतुबमिनारावर पोचलीस. आणखी ओढ. आता मसुरीला!’’ मी हसले की काटा धाडकन खाली यायचा. पुसताना किंवा रंगवताना चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून त्या छिद्रांभोवती बाबांनी स्वतः लाल रंगाचं वर्तुळ काढलं, रुपयाएवढं, अगदी सुबक.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं. आईला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. तिनं विचारलं नाही आणि त्यांच्या मनात आलं नाही, बस्स.

आईनं विचारलं नाही त्याचं कारण भीती. आधीच्या ग्लायडरचं धड उतरताना मागच्या बैठकीपाशी मोडलं होतं. ते बाबांनी केलेलं नव्हतं, पण त्यात बसलेला मुलगा आमच्याच कॉलनीतला होता, आणि त्याला खाटेवरून उठवून बसवताना त्याची आई ज्या आवाजात त्याच्याशी बोलायची तो आवाज आमच्या खिडकीतून यायचा. त्यातच कार्यशाळेचा एक रिवाज होता. ज्यानं धड बंद केलं, म्हणजे कातड्याचा शेवटचा तुकडा ज्यानं आतलं सगळं बघून चिकटवला, तो पहिल्या उड्डाणात मागच्या बैठकीवर बसणार. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. शेवटचा तुकडा रामदीननं चिकटवावा, असं आईनं एकदा सुचवून पाहिलं. बाबांनी जेवता जेवता मान वर केली आणि विचारलं, ‘‘रामदीनला बायको नाही का?’’ त्यानंतर ती त्या विषयावर अवाक्षर बोलली नाही. नुसती भाजी जास्त तिखट व्हायला लागली.

उड्डाण दसऱ्याच्या सकाळी ठरलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आईनं पहिल्यांदाच सांगितलं की मी शेडवर येणार. घरोघरी हत्यारांची पूजा असते, यांच्या हत्याराची का नको? बाबा आधी कां कू करत होते. मग म्हणाले, ‘‘ये. पण नवीन रंग आहे, डाग राहता कामा नये. चोप्रासाहेब सकाळी बोट फिरवून बघतात. पूजा झाली की लगेच पुसून घे.’’ चोप्रासाहेब म्हणजे उडवणारे. हवाईदलातून निवृत्त झालेले, मिशीला पीळ, आणि डाग या गोष्टीशी जुनं वैर.

आई ताट घेऊन आली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. तिनं करवत, रंधा, पटाशी सगळ्यांची पूजा केली. रामदीननं आपली टोपी काढून स्वतःच्या कपाळालाही लावून घेतलं. मग बाबांना साहेबांचं बोलावणं आलं, मला रामदीनसोबत बाहेरच्या माणसांना प्रसाद वाटायला पाठवलं, आणि आई त्या धडाजवळ एकटी राहिली. आम्ही परत आलो तेव्हा ती पदराच्या ओल्या टोकानं शेवटचा हात फिरवत होती. पांढरा रंग आरशासारखा चकचकीत होता. बाबांनी वाकून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, ‘‘वा! चोप्रासाहेबांनी तुलाच नोकरीवर ठेवायला पाहिजे.’’ आई कधी नव्हे ती लाजली.

दसऱ्याच्या सकाळी बाबा लवकर गेले. दिल्लीतली ऑक्टोबरातली सकाळ, आकाश धुतल्यासारखं, कुठेतरी रामलीलेच्या मैदानावरून भोंग्याची चाचणी चाललेली. आईनं पुऱ्यांचा घाणा काढायला घेतला होता. मी चाळणीतून चक्का घासत होते. आई फार बोलत होती, आणि तिच्या बोलण्याला टोक नव्हतं, यावरून ती किती घाबरली आहे ते मला कळत होतं. मला धीर द्यायचा म्हणून म्हणा, स्वतःला द्यायचा म्हणून म्हणा, ती म्हणाली, ‘‘काही होत नाही बघ. तुझ्या बाबांनी कुंकवाला आधीच जागा आखून ठेवली होती. लाल रिंगण, दोन्ही बाजूंना. बोललेच नाहीत मला, पण केलं होतं. मी दोन्हीकडे हळदकुंकू लावलं. वरचं पुसलं त्यांनी सांगितल्यासारखं. पण मधे एक बारीक भोक होतं ना, त्यातलं राहू दिलं मी. मुद्दाम बोटानं आत दाबलं, एकेक अक्षत पण घातली. बाहेरून कुणाला दिसत नाही. जाईल त्यांच्याबरोबर वर.’’

मी चाळणी खाली ठेवली. ‘‘आई, किती दाबलंस?’’

‘‘किती म्हणजे? बसेल तेवढं. ओलंच होतं, छान बसलं. का गं?’’

ओली हळद वाळली की कशी होते ते मला माहीत होतं. घड्याळांची तपासणी पूजेच्या आधीच झाली होती, आणि सकाळी साहेब वरून बोट फिरवून बघणार होते, आत फुंकून नव्हे. शेजारच्या वर्मांची सायकल जिन्याखाली असायची, ती घेतली आणि निघाले. मागून आईचा आवाज आला, ‘‘शालू! अगं, काय झालं? शालू!’’ तो आवाज वळणापर्यंत येत राहिला. मी थांबून सांगितलं असतं तर तिला कळलं तरी असतं, पण थांबायला वेळ नव्हता. हाताला चक्का तसाच होता आणि हँडल निसटत होतं. वाटेत रावणाचे कागदी हात घेऊन चाललेला एक ठेला आडवा आला, मी त्याला घातलेल्या शिव्या माझ्या आईनं ऐकल्या असत्या तर तिनं मला दसऱ्याचं श्रीखंड दिलं नसतं.

मी पट्टीवर पोचले तेव्हा तार ताणली गेली होती. रामदीन पंखाचं टोक हातात धरून उभा होता. दुसऱ्या टोकाला, एवढ्या दूर की माणूस बोटाएवढा दिसावा, तार ओढणाऱ्या यंत्रावर सरदारजी होते. मी सायकल टाकली आणि ओरडले, ‘‘रोको!’’ पण रामदीननं पंख सोडला होता, ग्लायडर पळायला लागलं होतं, आणि मागच्या खिडकीत मला बाबांचा कान आणि चष्म्याची काडी क्षणभर दिसली. मग ते जमिनीवरून सुटलं.

‘‘कान बंद हैं,’’ मी रामदीनला म्हटलं. ‘‘दोनों. माँ ने कुंकू भर दिया. हल्दी, चावल, सब.’’

रामदीन कळायला वेळ लागणारा माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला. त्याच्या पायाशी झेंडा पडला होता. तो डोक्यावर उभा धरला की सरदारजी यंत्र बंद करणार, हे मला माहीत होतं. मी तो उचलला. रामदीननं माझं मनगट धरलं. ‘‘नहीं बिटिया. अभी नाक ऊपर है. अभी रोका तो सीधा गिरेगा.’’ त्याची पकड सुटली नाही. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, एक झेंडा दोघांच्या हातात.

आणि मग वर ग्लायडरनं पंख हलवले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ती खूण होती: वेग कमी पडतोय, जोरात ओढा. सरदारजींनी ती पाहिली आणि यंत्राचा आवाज चढला. वेग कमी नव्हताच. आंधळा काटा तसं सांगत होता, आणि साहेब त्याचं ऐकत होते. पुन्हा पंख हलले. पुन्हा आवाज चढला. तार गुणगुणायला लागली होती, आणि एवढ्या खालून मला त्या धडाची एकेक कडी डोळ्यांसमोर दिसत होती, ओढ सोसणारी, दाब सोसणारी, नुसता आकार राखणारी. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. एकच आठवत होतं, की डिंक दुधाचा आहे.

आत काय चाललं होतं ते बाबांनी पुढे कित्येक वर्षांत तुकड्या तुकड्यानं सांगितलं. वर जावं तसा वेगाचा काटा खाली घसरत होता. साहेब म्हणत होते, ‘‘स्पीड गिर रहा है, गिर रहा है!’’ आणि बाबांच्या कानाशी त्यांनीच बसवलेली सरकती खिडकी होती. ती कितीही घट्ट लावली तरी कोपऱ्याच्या फटीतून वारा जरासा शिरायचा, आणि त्याची शिट्टी वेगाबरोबर चढत चालली होती. काटा म्हणत होता मंद, खिडकी म्हणत होती भरधाव. बाबांनी खिडकीवर विश्वास ठेवला. ते पुढे वाकून साहेबांच्या कानात ओरडले, ‘‘साहब, काटा झूठ बोल रहा है! तार छोड़िए!’’ साहेबांना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा दिलेला हुकूम. साहेबांनी नाक खाली घेतलं आणि तार सोडली.

खालून आम्हाला फक्त एवढं दिसलं, की तार वेटोळी घेत खाली आली आणि यंत्राचा आवाज थांबला. एकदम शांतता. ग्लायडर वर होतं, सरळ जात होतं, वळत नव्हतं. उंची किती, हे खालच्यांना कळत नव्हतं आणि वरच्यांनाही कळत नव्हतं. ते मुनिरक्याच्या घरांकडे चाललं होतं. रामदीन पुटपुटत होता, ‘‘मुड़ जा, मुड़ जा बेटा.’’ वर बाबा पट्टा सैल करून बैठकीच्या पाठीमागे हात घालत होते. त्यांनी शेवटचा तुकडा चिकटवण्याआधी तिथली नळी स्वतः जोडली होती, त्यामुळे न बघता हात तिच्यापर्यंत गेला. त्यांनी ती सांध्यातून उपटली. बाहेरचे कान बंद होते, पण आता काट्यांना निदान आतली हवा मिळाली. ते दचकून उठल्यासारखे हलले. आणि मग, फार मोठा घेर घेऊन, ते पांढरं धड आमच्याकडे वळलं.

ते उतरलं, एकदा उसळलं, आणि गवतात थांबलं. साहेबांनी झाकण उघडलं आणि सिगारेट काढली. काडी पेटता पेटेना. मागचं दार मात्र उघडलंच नाही. मी धावत गेले. खिडकीतून पाहिलं तर बाबा नुसते बसले होते, हातात ती नळी धरून. मला बघून त्यांनी दार उघडलं, ते खाली उतरले. सरळ लाल वर्तुळापाशी गेले आणि खिशातली टाचणी त्या छिद्रात घातली. तळहातावर पडला तो तांबडापिवळा चुरा, आणि मोडलेला तांदळाचा दाणा.

साहेबांनी विचारलं, ‘‘क्या है?’’

रामदीन चटकन पुढे झाला. ‘‘कुम्हारिन है, हुज़ूर. मिट्टी भर देती है छेद में. परसों मैंने एक उड़ाई थी.’’ कुंभारीण माशी खरंच असं करते. सगळ्यांनी मान डोलावली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. बाबांनी रामदीनकडे कृतज्ञतेनं पाहिलं आणि मान हलवली. ‘‘नहीं मिस्त्री. यह मेरे घर का है. मेरी पत्नी ने पूजा की थी. मैंने उसे कभी बताया ही नहीं कि यह क्या है.’’

साहेब त्या तळहातावर वाकले. मग हसायला लागले. आधी घशात, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ‘‘भाभीजी से कहना,’’ ते म्हणाले, ‘‘टीका माथे पे लगता है, यार, कान में नहीं!’’ सगळेच हसले. मी रडत होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आई दारातच उभी होती, हाताला कणीक तशीच वाळलेली. मी गेल्यापासून ती आत गेलीच नव्हती. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता. बाबांना बघून तिच्या जिवात जीव आला, पण ते क्षणभरच. ‘‘काय झालं?’’ तिनं विचारलं. मला वाटलं बाबा काहीतरी गोड सांगतील. त्यांनी सगळं सांगितलं. पंख हलवल्याचं, तारेचं, मुनिरक्याच्या घरांचं. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग ती आत गेली, तिनं देवघरातल्या करंड्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, ‘‘हात धुऊन घ्या. श्रीखंड आहे, पुऱ्या नव्यानं तळते.’’

त्यानंतर वर्षभर आईनं स्वतःच्या कपाळाखेरीज कुठेही कुंकू लावलं नाही. संक्रांतीला सुगडांना मी लावलं. दिवाळीत चोपडी, दिवे, तिची शिवणाची मशीन, सगळं माझ्या हातानं. बाबांच्या सायकलपासून तर ती वळसा घालून जायची. भांडण नव्हतं. भांडण असतं तर परवडलं असतं. बाबा डिंकावरून चिडवायचे आणि ती ऐकून घ्यायची, उलट टोला नाही. परवा नोएडाहून नात आली होती. माझ्या करंड्याकडे बघून म्हणाली, ‘‘आजी, ये कुंकू मतलब सिंदूर ही ना?’’ म्हटलं, नाही बाळा, आणि करंडा उघडून तिच्या हातात दिला.

पुढच्या खंडेनवमीला बाबा सकाळीच म्हणाले, ‘‘चल. शेडवर जायचंय. ताट घे.’’ आई म्हणाली, ‘‘मी येणार नाही.’’ बाबा दारात उभे राहिले. ऑफिसला उशीर झाला तरी ज्यांचा पाय हलायचा नाही अशी माणसं असतात, तसे. शेवटी ती आली, पण ताट माझ्याच हातात दिलं.

शेडमध्ये ते धड उभं होतं, वर्षभर उडून जरा मळलेलं. बाबा तिला नाकाकडे घेऊन गेले नाहीत. मागच्या दारापाशी नेलं. सरकत्या खिडकीच्या खाली, गोल कोपऱ्याजवळ, एक नवं लाल वर्तुळ होतं. रुपयाएवढं, तसंच सुबक. मधे छिद्र नव्हतं. बाबा चष्मा पुसत उभे राहिले.

आई ते बघत राहिली. मग तिनं विचारलं, ‘‘याच्या मागं काय आहे?’’

‘‘कडी. भरीव लाकूड.’’

तिनं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. कान लावला. पुन्हा ठोकलं. मग वीतभर पलीकडे बोट ठेवलं. ‘‘आणि इथं?’’ ‘‘पोकळ. इथून दोरी जाते शेपटीची.’’ ‘‘आणि हे?’’ असं करत करत ती निघाली. नाकापासून शेपटीपर्यंत, दर वितीला थांबून. बाबा तिच्या बाजूनं वाकून वाकून सांगत होते, मला सांगायचे ते सगळं, ओढ सोसणारी, दाब सोसणारी. वर्मांचा विनोदसुद्धा. ती त्याला हसली. कानांपाशी आली तेव्हा तिनं हात मागे घेतला आणि लांबूनच विचारलं, आणि बाबांनी नळी आणून तिचं टोक तिच्या तोंडात दिलं. ‘‘ओढ. हळू.’’ आईनं श्वास ओढला आणि आत काटा चढला. रामदीन केव्हाच बाहेर निघून गेला होता. मी ताट घेऊन तिष्ठत होते, आणि माझी कुणालाही आठवण नव्हती.

मग ती मागच्या दारापाशी परत आली, माझ्या ताटातलं कुंकू घेतलं आणि त्या वर्तुळात लावलं. बाबांनी सवयीनं खिशातून रुमाल काढला, पुसायला.

‘‘राहू दे,’’ आई म्हणाली.

चोप्रासाहेब आले, धडावरून बोट फिरवत मागच्या दारापर्यंत पोचले, तिथे थांबले, आणि बोट उचलून पुढे गेले.